अतिक्रमणाच्या वहीतली नावं

सरकारी वहीत आपल्या आज्याचं नाहीतर सासऱ्याचं नाव अतिक्रमण करणारा म्हणून सापडावं, यासाठी जीव टांगणीला लागलेली माणसं तुम्ही पाहिली नसतील. मी पाहिलीत. त्यांतली एक माझी सख्खी मावशी.

आमच्या भागात प्रत्येक गावाला गुरं चारायला ठेवलेली सरकारी जमीन असते, तिला गायरान म्हणतात. आमच्या लोकांनी धम्म घेतला, गावकीची कामं सोडली, तेव्हा हातात दुसरं काहीच उरलं नव्हतं. मग ज्याने त्याने गायरानातला एखादा मुरमाड तुकडा बघितला आणि दगड वेचायला सुरुवात केली. दोन-तीन वर्षं दगड वेचले की तिथे बाजरी यायची. बाजरी दिसली की तलाठी यायचा, वहीत नाव लिहायचा, दम द्यायचा आणि जायचा. लोक घाबरायचे, पण दुसऱ्या वर्षी पुन्हा पेरायचे. पुढे कधीतरी सरकारने ठरवलं, की अमुक सालाच्या आधीपासून जे कसत आहेत त्यांचा विचार करायचा. पुरावा कोणता, तर तीच वही. ज्याला तेव्हा गुन्हेगार म्हणून लिहिलं तो आता तरणार, आणि ज्याच्याकडे तलाठ्याने काणाडोळा केला तो बुडणार. असला उफराटा न्याय मी दुसरीकडे कुठे बघितला नाही.

मावशीचं गाव सिरसाळ्याच्या बाजाराला जोडलेलं. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मूल नाही. सासऱ्याने गायरानात काढलेला चार एकरांचा तुकडा ती एकटी कसत होती. कापूस, त्यात तुरीच्या ओळी, कडेला थोडी ज्वारी. शेताच्या तीन बाजूंनी छातीएवढा दगडांचा बांध होता. तो सगळा दगड त्याच शेतातून निघालेला. सासऱ्याने वेचला, नवऱ्याने वेचला, आणि लग्न होऊन आल्यापासून मावशीनेही वेचला. लहानपणी मी तिच्याकडे राहायला गेले की मलाही ती एक टोपलं द्यायची. फुकट जेवायला घालणाऱ्यांतली ती नव्हेच.

मी तालुक्याच्या गावी एका समितीच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करते. समिती म्हणजे दोन खोल्या, एक पंखा, आणि आमचे गुरुजी. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले आणि गायरानधारकांचे अर्ज लिहून देऊ लागले, त्यातून हे ऑफिस उभं राहिलं. गावोगावच्या गायरानावर सौरऊर्जेचे पॅनल बसणार अशी बातमी आली, तेव्हा मावशीच्या गावातली वीस-पंचवीस घरं, आमच्या वस्तीतली आणि इतरही, गुरुजींकडे आली. तहसील कचेरीत सांगितलं होतं, की जुन्या वहीत ज्यांच्या वाडवडिलांची नावं सापडतील त्यांची यादी करून आणा. त्यांची सुनावणी होईल, बाकीच्यांनी जमीन सोडायची. ती यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मावशीचे चार एकर त्या यादीवर अवलंबून होते, आणि यादी माझ्या हातात होती.

वहीच्या पानांचे फोटो मिळाले. एका गटाला, म्हणजे जमिनीच्या एका नंबराला, एक ओळ. त्या ओळीत एक खाना, आणि त्या खान्यात त्या गटात अतिक्रमण केलेल्या सगळ्यांची नावं. नुसती नावं. बापाचं नाव नाही, आडनाव नाही. एक नाव, स्वल्पविराम, दुसरं नाव, स्वल्पविराम, असं खाना भरेपर्यंत. खरं तर प्रत्येक नावाला वेगळी ओळ द्यायला हवी होती. हे मला कळत होतं, तसं शिकवलेलंही होतं. पण कागदावर जसं आहे तसंच उतरवा, एका अक्षराचाही फरक नको, अशी कचेरीची ताकीद होती. मीही तो खाना जसाच्या तसा एका कॉलममध्ये भरला. एकच गोष्ट मी माझ्या मनाने केली. तलाठ्याने नावं एकमेकांना चिकटवून लिहिली होती. मी प्रत्येक स्वल्पविरामानंतर एक स्पेस दिली. टायपिंगच्या क्लासात आमचे सर त्या एका स्पेससाठी बोटांवर पट्टी मारायचे. इतकी वर्षं झाली तरी स्वल्पविराम आला की माझा अंगठा आपोआप खाली जातो.

टाइप करता करता एक गोष्ट मात्र नजरेत आली होती. बहुतेक खान्यांत पहिलं नाव गावातल्या मोठ्या घराचं असायचं. गायरान काय फक्त आमच्या लोकांनी धरलं नव्हतं. तलाठी आला की ज्याच्या ओसरीवर बसायचा, चहा प्यायचा, त्याचं नाव आधी लिहायचा, तेही 'राव' लावून. मग त्याच्या भावकीचं, मग इतरांचं, आणि आमच्या वस्तीचे लोक शेवटी, नुसत्या नावाने, राव नाही की काही नाही. अतिक्रमणाच्या वहीतसुद्धा पंगत बसायची ती गावाच्या रिवाजाने. मला त्याचं हसू आलं होतं. गुरुजींना दाखवलं तर तेही हसले.

भरून झाल्यावर मी शोध घेतला. अर्जदाराने आज्याचं, सासऱ्याचं जे नाव दिलंय ते खान्यात कुठेही असेल तर दाखव, अशी साधी क्वेरी, म्हणजे कॉम्प्युटरला विचारायचा प्रश्न, लिहिली. यादी आली ती ही भली मोठी. मला वाटलं, वा, सगळेच तरले. गुरुजींनी ती कचेरीत दिली, सोबत मी होते.

तिथल्या कारकुनाने पहिलंच पान उघडून चष्मा काढला.

"बाई, ह्या एका घराला तुमी पाच गटांत जमीन दाखवली. सगळं गायरान तुमालाच पाहिजे का?"

मी पान ओढून घेतलं. त्याचं खरं होतं. 'वाडा' शोधायला सांगितलं तर कॉम्प्युटर 'तलवाडा'ही पुढे आणून ठेवतो, कारण तलवाड्यात वाडा आहेच. तसंच झालं होतं. आमच्या लोकांची नावं आखूड. तीच नावं 'राव' लावून मोठ्या घरच्यांचीही होती, नाहीतर दुसऱ्या कुठल्या लांब नावाच्या पोटात होती. माझ्या क्वेरीने ती सगळी उचलली होती.

कारकून एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण भोवती चार माणसं उभी होती आणि त्याला चेव आला.

"तुमचं कोन हाय का ह्या यादीत? असंल तर आधीच सांगा. म्हंजी आमी समजून घिऊ."

माझा राग नाकावर असतो, हे घरचे सगळे सांगतील. मी म्हणाले, "माझं कुणी असलं तरी मी त्याचं नाव बघणारसुद्धा नाही. तुम्हाला चोख यादी पाहिजे ना? देते."

तिथून निघाल्यावर गुरुजी म्हणाले, "जाऊ दे, त्याच्या तोंडी कशाला लागायचं." पण मला ते लागलं होतं. इतक्या लोकांपुढे चोर ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडल्याबरोबर मी कामाला लागले. स्वल्पविरामांनी तोडलेल्या खान्यात नेमकं तेच नाव, पूर्णच्या पूर्ण, शोधायचं असेल तर त्यासाठी एक तयार सोय असते. दोन स्वल्पविरामांच्या मधे जे आहे ते आणि तुम्ही मागितलेलं, दोन्ही अक्षर न अक्षर सारखी असतील तरच ती हो म्हणते. मी ती वापरली. यादी एकदम आटली, निम्म्याहून कमी झाली. एकाही घराला दोन गट नाहीत. राव वेगळे, बिनरावाचे वेगळे. मला इतकं बरं वाटलं की मी चहा मागवला.

गुरुजींनी लाल पेन घेऊन यादीतलं एकेक नाव वहीच्या फोटोशी ताडून बघितलं. सगळी बरोबर. वस्तीतली तीन घरंही तिच्यात होती, त्यामुळे शंका यायचं काही कारण नव्हतं. जी नावं यादीत आली ती आम्ही डोळ्यांत तेल घालून तपासली. जी आली नाहीत त्यांच्याकडे दोघांनीही पाहिलं नाही. गुरुजी सही करता करता म्हणाले, "तुझ्या मावशीचं एकदा बघून घे."

मी म्हणाले, "नको. मी त्याला तोंडावर सांगून आलेय."

"अगं, बघायला काय जातं?"

"गुरुजी, नको म्हणजे नको."

त्यांनी सही केली. त्या दिवशीचा माझा ताठा मला अजून आठवतो, आणि आठवला की स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली. कुणाची हरकत असेल तर ठरावीक दिवसांत कळवा, असं खाली लिहिलेलं. वस्तीतली काही माणसं जाऊन बघून आली. काही ऊसतोडीला लांब गेलेली होती, त्यांना कळलंच नाही. मावशी गावातच होती. फळा तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. शेजारीण तिला म्हणाली, "चल, कुणाकडून तरी वाचून घेऊ." मावशी म्हणाली, "यादी माझ्या भाचीनं केली. मला काय बघायची गरज?" आणि ती कापूस वेचायला निघून गेली. हे मला त्या शेजारणीनेच नंतर सांगितलं. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

नोटीस आली तेव्हा मुदत संपून गेली होती. मावशी ती घेऊन एसटीने ऑफिसात आली. नोटीस कसली आहे हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटलं सुनावणीचं बोलावणं आलं. ती नवं लुगडं नेसून आली होती, आणि माझ्यासाठी तुरीच्या शेंगा घेऊन आली होती.

मी नोटीस वाचली. पुरावा आढळला नाही, सबब सात दिवसांत जमीन मोकळी करून द्यावी.

"काय म्हनतेत?" तिने विचारलं.

मी म्हणाले, "थांब जरा." तिला पाणी दिलं आणि कॉम्प्युटर उघडला. तिच्या गटाचा खाना काढला. तिच्या सासऱ्याचं नाव तिथे होतं. चौथं. डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं. मी क्वेरी पुन्हा चालवली. नाही म्हणाली. पुन्हा चालवली. नाही. मग त्याच खान्यातलं पहिलं नाव घालून पाहिलं, ते लगेच सापडलं. दुसरं घातलं, नाही. तिसरं, नाही. दुसरा गट उघडला, तिथेही पहिलं तेवढं हो आणि पुढचं सगळं नाही. माझी ती स्पेस! कॉम्प्युटरला तीही एक अक्षरच. पहिल्या नावाच्या आधी स्पेस नव्हती, म्हणून ते जुळलं. त्याच्या पुढच्या प्रत्येक नावाला ती चिकटलेली होती, म्हणून एकही जुळलं नाही. तलाठ्याने ज्याला ओसरीवरचा म्हणून आधी लिहिलं तो यादीत आला. ज्याला मागे ढकललं त्याला मी उडवलं. जे तीन आमचे आले, त्यांच्या खान्यांत सगळी नावं आमच्याच लोकांची होती आणि हे त्यांत पहिले होते, एवढंच.

मी क्वेरीत स्पेस काढून टाकणारे दोन शब्द घातले. मावशीचा सासरा पडद्यावर आला. मागोमाग वस्तीतली सगळी घरं आली. कळ दाबायचा अवकाश, एवढंच. गुरुजी माझ्या मागे उभे होते. ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

आम्ही तिघं तसेच कचेरीत गेलो. तोच कारकून होता. मी सगळं समजावून सांगितलं, नवी यादी पुढे ठेवली. त्याने या वेळी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं. तो म्हणाला, "बाई, मला कळतंय. पन यादी तुमची, सही तुमच्या गुरुजींची, हरकत कुनाची आली न्हाई. आता माज्या हातात काय हाय? वर अपील करा."

अपील केलं. ते अजून चालू आहे. तारीख पडते, पुढची तारीख पडते.

जमीन सपाट करायचं मशीन मात्र सांगितल्या दिवशीच आलं, भर दुपारी. सोबत बंदोबस्त होता. वस्तीतले लोक रस्त्याच्या कडेला जमले होते. कुणी मला शिवी दिली नाही. एका बाईने मी जवळ गेल्यावर आपली चटई दुसरीकडे ओढून नेली, तेवढंच. तुरीला शेंगा भरत आल्या होत्या. निदान तेवढ्या तोडू द्या म्हणून गुरुजी बंदोबस्तासोबत आलेल्या साहेबांना हात जोडत होते आणि साहेब फोनवर बोलत होते. मशीनने आधी तूर आडवी केली. मग बांधाला पातं लावलं. तीन माणसांनी जन्मभर वेचलेला दगड होता तो. चहाची सुट्टी व्हायच्या आत त्याने एक बाजू लोटून दिली, आणि तो दगड पुन्हा सगळ्या शेतभर पसरला. मावशी रडली नाही. ती उन्हात पदर डोक्यावर घेऊन बसली होती आणि दगड कुठे कुठे जातायत ते बघत होती.

संध्याकाळी घरी गेल्यावर मी तिला सांगितलं. न सांगता राहणं मला जमलं नसतं. स्पेस म्हणजे काय हे तिला कसं सांगणार? मी म्हणाले, नावांच्या मधे मी थोडं मोकळं सोडलं होतं, त्यामुळे सगळ्यांत आधी लिहिलेली तेवढी सापडली आणि मागची राहून गेली. माझ्यामुळे राहिली. आधी बघितलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं.

ती चुलीपुढे बसली होती. म्हणाली, "म्हंजी मामंजीचं नाव व्हतं वहीत?"

"होतं. चौथं."

"मग तू समद्यांचं बघितलं. माजं कावून न्हाई बघितलं?"

"त्या कारकुनाने म्हणू नये म्हणून. आपल्या माणसाचं आधी बघितलं असं."

तिने तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, काढून ठेवली. मग म्हणाली, "त्या कारकुनानं त्याच्या मावशीचं न्हाई बघितलं आसतं?"

तिने ताट वाढलं, मी जेवले. तिच्यापुढे ताट बाजूला सारायची हिंमत झाली नाही.

ती आता दुसऱ्यांच्या शेतात रोजाने जाते. माझ्याशी ती बोलते, आईची खुशाली विचारते, सणाला पोळ्या पाठवते. भांडण असं काही झालेलं नाही. अपिलाचा कागद आला की ती सकाळच्या एसटीने तालुक्याला येते. स्टँडवरून येणारा रस्ता आमच्या ऑफिसच्या दारावरूनच जातो. मी खिडकीशी बसलेली तिला दिसते. ती मान हलवते, हसते, आणि पुढे चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात जाते. त्या दुकानदाराची आणि तिची ना ओळख ना पाळख. ती पिशवीतून कागद काढते, त्याच्यापुढे धरते आणि म्हणते, "भाऊ, ह्याच्यात माज्या मामंजीचं नाव हाय का, तेवढं बघून सांगा."